आपल्या पत्त्यावर दुसऱ्याची वाट

उत्साही : घरच्या संगणकावर प्रॉक्सी सर्व्हर उभा करणं आता थोडं वाचून कोणालाही जमतं, आणि ज्याला जमेल त्याने ते करावंच असं माझं मत आहे. एक जुना संगणक घ्यायचा, त्यावर लिनक्स चढवायचं आणि लिनक्सवर स्क्विड हे प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर बसवायचं. स्क्विड १९९६ पासून चालत आलेलं आहे, मोफत आहे आणि त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. मग घरातले फोन आणि लॅपटॉप आपली मागणी थेट बाहेर न पाठवता आधी या यंत्राकडे देतात. ते ती पुढे नेतं आणि आलेलं उत्तर परत आणून देतं. आपल्या घरातून दिवसभरात काय काय बाहेर जातं हे जाहिरात कंपन्यांना आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला ठाऊक असतं, घरच्यांना मात्र नसतं. मोबाइल बाजूला ठेवून आपण झोपलो तरी त्यातली ॲप्स कोणाकोणाशी बोलत राहतात, हे मला पहिल्यांदा प्रॉक्सीच्या नोंदीत दिसलं. ज्या गोष्टीवर आपलं अर्धं आयुष्य चालतं ती आपल्याला दिसलीही नाही, तर तिच्याबद्दल मत तरी कसं बनवणार?

साशंक : दिसण्याबद्दल नंतर बोलू. आधी लोक ज्या दोन समजुतींनी या वाटेला येतात त्या तपासू. पहिली समजूत अशी की प्रॉक्सी लावला म्हणजे आपण लपलो. प्रॉक्सी दुसऱ्या देशात असेल तर समोरच्या संकेतस्थळाला तिथला आयपी पत्ता दिसतो, हे खरं. पण घरचा प्रॉक्सी घरच्याच जोडणीवर असतो. त्यातून निघालेली प्रत्येक मागणी तुमच्याच पत्त्यावरून बाहेर पडते. पुरवठादाराला काल जे दिसत होतं ते आजही दिसतं. कोणत्या क्षणी कोणता पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद त्याला सरकारी परवान्याच्या अटींनुसार जपून ठेवावीच लागते. म्हणजे लपण्यासाठी हे यंत्र निरुपयोगी आहे. दुसरी समजूत वेगाची. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरची डायल-अपची वर्षं आठवा. सायबर कॅफेत एका फोनलाइनवर पाच-सहा संगणक चालायचे. तेव्हा एकाने उघडलेलं पान प्रॉक्सीने साठवून ठेवलं तर दुसऱ्याला ते लगेच मिळायचं. आज जवळपास सगळी पानं एचटीटीपीएसमधून, म्हणजे कूटबद्ध होऊन येतात. प्रॉक्सीला आतलं काही दिसतच नाही, मग तो साठवणार काय? ब्राउझर त्याला फक्त म्हणतो, अमुक संकेतस्थळाच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत मला वाट करून दे. तो वाट देतो आणि बाजूला होतो.

उत्साही : दोन्ही मान्य. मी लपण्यासाठी करत नाही आणि वेगासाठीही नाही. पण तुम्ही जे सांगितलंत त्यातच त्याचा उपयोग दडलेला आहे. मजकूर दिसत नसला तरी संकेतस्थळाचं नाव दिसतं, वेळ दिसते, किती डेटा गेला-आला ते दिसतं. तेवढ्यावर बरंच करता येतं. माग काढणाऱ्या कंपन्यांची नावं यादीत घातली की घरातल्या कुठल्याही यंत्रावरून तिकडे जाणारी मागणी दारातच अडते. लहान मुलांसाठी जुगाराची संकेतस्थळं बंद करता येतात. प्रवासात हॉटेलच्या वायफायवर भरवसा नसेल तर घरच्या यंत्रापर्यंत कूटबद्ध वाट काढून तिथून पुढे जाता येतं. यातलं प्रत्येक काम पैसे घेऊन करून देणाऱ्या कंपन्या आहेत. मी फक्त तो भरवसा कंपनीकडून काढून स्वतःच्या घरात आणतो.

साशंक : घरात आणता, पण घरात तो कोणाच्या हाती जातो? तुमच्या. प्रॉक्सीचा प्रशासक जो असतो त्याला बायकोने दुपारी कोणत्या डॉक्टरचं संकेतस्थळ पाहिलं, सोळा वर्षांच्या मुलीने रात्री एक वाजता काय उघडलं, हे नावानिशी कळतं. आतलं पान दिसत नाही हा दिलासा फार थोडा आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या, वकिलाच्या किंवा आत्महत्या रोखण्याच्या मदतकेंद्राच्या संकेतस्थळाचं नुसतं नावच सगळं सांगून जातं. आणि काही जण तेवढ्यावर थांबत नाहीत. स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बनवायचं, ते घरातल्या सगळ्या यंत्रांवर बसवायचं आणि कूटबद्ध मजकूर मध्येच उघडून पाहायचा, अशी सोयही स्क्विडमध्ये आहे. ते किती धोक्याचं आहे हे २०१५ साली जगाने पाहिलं. लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर कारखान्यातच घातलेलं निघालं. जाहिराती दाखवण्यासाठी ते हेच करत होतं आणि सगळ्या यंत्रांवर किल्ली एकच होती. ती बाहेर पडली तेव्हा त्या लॅपटॉपवरून बँकेत जाणारा प्रत्येक माणूस उघडा पडला. घरच्या प्रमाणपत्राची किल्ली कुठे असते? त्याच जुन्या संगणकावर, ज्याचे अपडेट कोणी वेळेवर करत नाही.

उत्साही : मजकूर उघडण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो उघडला तर एचटीटीपीएसने जे कमावलं ते आपणच घालवलं. पण पहिल्या भागाबद्दल मला वाटतं तुम्ही घराला कचेरी समजता. कचेरीत कर्मचाऱ्याला विचारत नाहीत, घरात विचारता येतं. सगळ्यांना सांगून, त्यांच्या संमतीने प्रॉक्सी लावता येतो. आणि हे आपल्यापुरतं ठरवण्याची मुभा कायद्यानेही घराला दिलेली आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा एखाद्याने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही.

साशंक : तुम्ही त्या सवलतीकडे आश्वासन म्हणून बघता, मला ती पोकळी वाटते. कंपनीने माझी माहिती जमवली तर कागदावर तरी मला काही हक्क आहेत. ती पुसून टाका म्हणून सांगता येतं, तक्रार करता येते. घरातल्या नोंदवहीविरुद्ध मुलीने कुठे जायचं? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात घराला खाजगीपणाची जागा म्हणून मान आहे. पण त्याच घराच्या आत एका माणसाचा खाजगीपणा दुसऱ्यापासून कोण जपतं? आपल्याकडे जोडणी ज्याच्या नावावर असते आणि संगणकातलं ज्याला कळतं, तो बहुतेक वेळा घरातला पुरुष असतो. अशा घरात संमती विचारणं आणि ती मोकळेपणाने मिळणं यांत फार अंतर आहे.

उत्साही : ते अंतर मी नाकारत नाही. पण तुम्ही मला घराच्या आतच अडवून ठेवलंत. प्रॉक्सीची जी बाजू मला सगळ्यात मोलाची वाटते ती घराबाहेरच्या माणसासाठी आहे. टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने डिसेंबर २००६ मध्ये सायफन नावाचं सॉफ्टवेअर काढलं. त्यामागची कल्पना साधी आणि माणुसकीची होती. ज्या देशात इंटरनेट मोकळं आहे तिथल्या माणसाने आपल्या घरच्या संगणकावर ते बसवायचं आणि जिथे ते मोकळं नाही तिथल्या ओळखीच्या माणसाला पत्ता, नाव आणि पासवर्ड द्यायचा. जाहिरात नाही, यादी नाही, फक्त ओळख. बंदी घालणाऱ्या सरकारला मोठ्या सेवांचे पत्ते सहज सापडतात. पण हजारो घरांतला एकेक पत्ता शोधून बंद करणं कठीण. घरच्या संगणकाचं बळ त्याच्या सामान्यपणात आहे. इतर लाखो घरांसारखाच तो दिसतो.

साशंक : तोच सामान्यपणा गुन्हेगारांनाही हवा असतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ९११ एस५ नावाचं जाळं मोडलं. मोफत व्हीपीएन म्हणून लोकांनी जी सॉफ्टवेअर उतरवली त्यांतून त्यांचे संगणक त्यांच्या नकळत प्रॉक्सी झाले होते. जवळपास २०० देशांतले मिळून १ कोटी ९० लाख आयपी पत्ते त्या जाळ्यात होते आणि त्यांतून वाट पैसे घेऊन विकली जात होती. फसवणूक करणाऱ्याने कोणाच्या तरी घरचा पत्ता वापरला, की बँकेला तो साधा ग्राहक वाटतो. तुम्ही म्हणाल, ते नकळत झालं, मी जाणूनबुजून आणि राखून करतो. पण राखण किती टिकते? स्क्विड सुरुवातीला बाहेरच्या सगळ्यांना नकार देतं, हे चांगलं आहे. मग फोनवरून चालत नाही म्हणून माणूस वैतागतो, कुठेतरी वाचून नकाराच्या जागी परवानगी लिहितो आणि राउटरवर ३१२८ चा पोर्ट उघडतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन काढलं. वेगवान जोडणी असलेला एक साधा संगणक त्याच्या मदतीने जगातले सगळे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, म्हणजे चारशे कोटींच्या घरातले, एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत तपासतो. उघडं दार कोणाला दिसणार नाही, ही आशा तेव्हाच संपली.

उत्साही : म्हणून तर पासवर्ड, म्हणून कूटबद्ध वाट, म्हणून ओळखीची माणसं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही, अनेक ग्राहकांत एकच पत्ता वाटलेला असतो. त्यामुळे बाहेरून आत येणं चुकून घडत नाही, त्यासाठी मुद्दाम सोय करावी लागते. आता समजा, साताऱ्यातल्या एखाद्या घरातला मुलगा दुबईत नोकरीला आहे. तिथे व्हॉट्सॲपवरून बोलणं बंद आहे. आईला त्याचा चेहरा बघायचा आहे. बापाने घरच्या यंत्रातून त्याला वाट दिली, तर यात कोणाचं काय बिघडलं?

साशंक : बापाचं कदाचित काही नाही. मुलाचं बिघडू शकतं. संयुक्त अरब अमिरातीच्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी दुसरा आयपी पत्ता वापरणाऱ्याला ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. फोनवर आईशी बोलणं त्यात बसतं की नाही, हे साताऱ्यात बसून ठरत नाही. वाट देणारा सुरक्षित देशात असतो, चालणारा धोक्याच्या देशात. म्हणून वाट देताना धोक्याची पूर्ण कल्पना देणं हा उपकाराचा पहिला भाग आहे आणि तोच बहुधा राहून जातो. आता उलट दिशा बघा. त्या मुलाने तोच पासवर्ड खोलीतल्या मित्राला दिला. मित्राने तुमच्या पत्त्यावरून कोणाला तरी धमकी पाठवली. पोलीस पुरवठादाराकडे जातील आणि पुरवठादार तुमचं नाव देईल. प्रॉक्सीची वाट देणं म्हणजे त्या माणसाला जामीन राहणं आहे. फरक एवढाच की कोर्टात जामीन राहताना आपण कशासाठी राहतोय ते कागदावर लिहिलेलं असतं, इथे तुम्ही त्याच्या उद्याच्या प्रत्येक कृतीला कोऱ्या कागदावर सही करून देता.

उत्साही : जामिनाची उपमा मला पटते. पण कायदा तुम्ही म्हणता तितका आंधळा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात मध्यस्थाची व्याख्या अशी आहे की दुसऱ्याच्या वतीने संदेश घेणारी, साठवणारी किंवा पुढे पाठवणारी कोणतीही व्यक्ती. तिथे कंपनीच हवी असं नाही. आणि कलम ७९ मध्ये अशा मध्यस्थाला संरक्षण आहे. संदेशाची सुरुवात त्याने केली नसेल, तो कोणाकडे जावा हे त्याने निवडलं नसेल, मजकुरात त्याने निवड किंवा बदल केला नसेल आणि योग्य काळजी घेतली असेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला जबाबदार धरत नाहीत.

साशंक : मग तुमच्याच दोन कामांची एकमेकांशी गाठ घालून पाहा. घरासाठी तुम्ही जाहिराती गाळता, जुगार अडवता. म्हणजे कोणता मजकूर जावा हे निवडता. संरक्षण मागायला जाल तेव्हा समोरचा वकील हेच म्हणेल की हा नुसता वाहक नव्हता, हा निवड करत होता. आणि योग्य काळजी म्हणजे काय? चौकशीत पहिला प्रश्न येईल, त्या वेळी वापरणारा कोण होता ते दाखवा. दाखवण्यासाठी नोंद हवी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशात व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितलं. ते मानण्याऐवजी काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून नेले. तुम्ही सर्वसाधारण लोकांना सेवा विकत नाही, त्यामुळे तो आदेश तुमच्यासाठी नाही असं म्हणता येईल. पण त्यातली पेचाची बाजू तुम्हालाही सुटत नाही. नोंद ठेवली तर तुम्ही आपल्या माणसांवर पहारा ठेवता. नोंद ठेवली नाही तर त्यांच्यातल्या एकाने केलेलं तुमच्या अंगावर आलं, तेव्हा हात वर करण्यापलीकडे तुमच्याकडे काही नसतं.

उत्साही : या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट मला दिसते आणि ती यंत्राच्या रचनेतच आहे. इराणने सिग्नल हे संदेशांचं ॲप बंद केलं तेव्हा २०२१ मध्ये, आणि पुन्हा सप्टेंबर २०२२ च्या आंदोलनात, सिग्नलने जगभरच्या लोकांना प्रॉक्सी चालवण्याची हाक दिली. हा प्रॉक्सी फक्त सिग्नलच्याच सर्व्हरकडे वाट देतो, दुसरीकडे कुठेही नाही. आतला संदेश चालवणाऱ्याला वाचता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये व्हॉट्सॲपनेही अशीच सोय केली. पत्ता लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या टॉर या जाळ्याच्या स्नोफ्लेकमध्ये तर नुसतं ब्राउझरचं विस्तारक बसवलं की घरचा संगणक मधली पायरी होतो. शेवटच्या संकेतस्थळाला त्याचा पत्ता दिसतच नाही. म्हणजे माणूस कोण आहे हे न तपासता, तो कुठे जाऊ शकतो हे आधीच बांधून टाकायचं. मग नोंदीची गरज उरत नाही आणि कोऱ्या कागदावर सहीही करावी लागत नाही. जामीन राहायचं, पण कशासाठी ते लिहून.

साशंक : हे तुमचं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. सिग्नलच्या बाबतीत मी ते मानतो. स्नोफ्लेकच्या बाबतीत थोडं थांबतो. तुम्ही मधली पायरी आहात म्हणून सुटलात, पण शेवटची पायरी कोणाची तरी असतेच. एप्रिल २०१७ मध्ये मॉस्कोत गणिताच्या एका शिक्षकाला अटक झाली. त्याच्या घरचा संगणक टॉरचं शेवटचं दार होता आणि कोणा दुसऱ्याने लिहिलेला चिथावणीचा मजकूर त्याच्या पत्त्यावरून गेला होता. आरोप मागे घेतले गेले ते पुढच्या वर्षी. तोवर त्याने तुरुंग आणि नजरकैद दोन्ही भोगली. स्वतःला सुरक्षित ठेवून मदत करणाऱ्या हजारो लोकांची वाट अखेर अशाच थोड्या लोकांच्या दारातून जाते. त्यामुळे रचनेने जबाबदारी नाहीशी होत नाही, सरकते. ती कोणाकडे सरकली हे विचारल्याशिवाय आपली बाजू स्वच्छ आहे असं मला म्हणवत नाही.

उत्साही : तरीही मदत थांबवा असं तुम्ही म्हणत नाही ना?

साशंक : नाही. ज्या माणसाने डोळे उघडे ठेवून शेवटची पायरी पत्करली त्याच्याबद्दल मला आदर आहे. मी म्हणतो ते एवढंच की घरच्या प्रॉक्सीची तयारी स्क्विडच्या सेटिंगपासून सुरू होत नाही. हे यंत्र कोणासाठी, त्यातून कुठवर जाता येईल, नोंद किती दिवस आणि ती कोण उघडणार, या गोष्टी आधी कागदावर आल्या पाहिजेत.

उत्साही : मग माझं ऐका. घरातल्यांसाठी गाळणी राहील, बाहेरच्यांसाठी फक्त सिग्नलची वाट. कूटबद्ध मजकूर कधीच उघडायचा नाही. नोंद सात दिवस, आठव्या दिवशी ती आपोआप पुसली जाईल. आणि नोंद ठेवली जाते हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल.

साशंक : सातव्या दिवसापर्यंत तुमची मुलगी तुमच्या नजरेत, आणि आठव्या दिवसानंतर घरातल्याच कोणाच्या कृतीबद्दल पोलीस आले तर तुम्ही पुराव्याविना. आकडा वाढवा किंवा कमी करा, एकाला सवलत दिली की दुसऱ्याला किंमत मोजावी लागते. आणि मी नोंद उघडणार नाही असं तुम्ही वचन दिलंत, तरी प्रशासकाचा पासवर्ड तुमच्याकडेच राहणार. ते वचन पाळलं गेलं की नाही हे तिला तपासता येत नाही.

उत्साही : हे खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण यंत्र लावलं नाही तर नोंद थांबते असं तर नाही. ती पुरवठादाराकडे होते, जाहिरात कंपन्यांकडे होते, जास्त बारकाईने होते, जास्त दिवस राहते. तेव्हा निवड नोंद असावी की नसावी यातली नाही. समोर बसून जाब विचारता येईल अशा माणसाच्या हाती ती थोडी असावी, की जिला विचारणार कुठे हेच कळत नाही अशा कंपनीच्या हाती सगळी, यातली आहे. मी माणूस निवडतो.

साशंक : समोर बसून जाब विचारता येतो हे तुम्ही धरून चालता. तुमच्या घरात येत असेल. ज्या घरात मुलगी बापाला किंवा बायको नवऱ्याला जाब विचारू शकत नाही, तिथे तिच्या दृष्टीने दूरची कंपनीच कमी धोक्याची, कारण त्या कंपनीला तिचं लग्न ठरवायचं नसतं आणि तिचा फोन काढून घ्यायचा नसतो. तुमचं यंत्र आणि तुमचा कागद या दोन्ही घरांत सारखाच बसेल. त्यातलं कोणतं घर आपलं आहे, याचा निर्णय यंत्र बसवणाऱ्याने एकट्याने करू नये, एवढंच मला आज सांगता येतं.